इष्टापत्ती कोणाची? सिनसिनाटीच्या एका फाटलेल्या खांद्याची गोष्ट

अमेरिकन फुटबॉलमधील ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ ही आक्रमणपद्धती बिल वॉल्श या प्रशिक्षकाच्या प्रतिभेतून सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. या विधानातील स्थळ चुकीचे, काळ चुकीचा आणि प्रतिभेविषयीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ही पद्धती घडली ती पश्चिम किनाऱ्यापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात, १९७० साली. तिच्यामागचे तात्कालिक कारण होते एका तरुण क्वार्टरबॅकचा फाटलेला खांदा.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे नियम. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. तो नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन धावता येते किंवा तो पुढे फेकता येतो. फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या दंडात जेवढी ताकद, तेवढे मैदान संघाला खुले, अशी त्या काळातील समजूत होती.

सिनसिनाटी बेंगल्स हा संघ पॉल ब्राउन यांनी उभा केला आणि तो १९६८ मध्ये मैदानात उतरला. पहिल्या हंगामात ३ विजय, ११ पराभव. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच शहरातील विद्यापीठाचा ग्रेग कुक हा खेळाडू निवडला. उंचापुरा, आणि लांबवरची फेक हे त्याचे बलस्थान. वॉल्श त्या वेळी ब्राउन यांचे साहाय्यक होते. त्यांनी आखलेले मूळ आक्रमण कुकच्या या फेकीभोवतीच उभे होते. १९६९ चे पहिले तिन्ही सामने संघाने जिंकले. पण कॅन्सस सिटीविरुद्धच्या त्या तिसऱ्या सामन्यातच कुकचा उजवा खांदा जायबंदी झाला.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायुबंध. ते फाटले होते, परंतु निदान झाले नाही. एमआरआय चाचणी रुग्णालयांत येण्यास अजून दशकभर अवकाश होता. काही आठवडे विश्रांती घेऊन कुक परतला आणि त्याच खांद्याने उरलेला हंगाम खेळला. त्या वर्षी त्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी ९.४ यार्ड पडले, आणि यशस्वी ठरलेली प्रत्येक फेक सरासरी १७.५ यार्डांची होती. पहिल्याच वर्षी तो लीगमधील सर्वोत्तम पासर ठरला. हे आकडे आज कौतुकाने सांगितले जातात. ते कोणत्या खांद्याने मिळवले, हे सांगायचे राहून जाते.

१९७० मध्ये तो खांदा उठलाच नाही. संघाकडे आला व्हर्जिल कार्टर. हालचाल चपळ, डोके तल्लख, फेक अचूक, पण दंडात जोर बेताचा. लांबवरच्या फेकीवर बेतलेले आक्रमण त्याच्या हाती देणे व्यर्थ होते. हंगामाची सुरुवातही तशीच झाली: एक विजय आणि त्यामागोमाग सलग सहा पराभव.

वॉल्श यांनी या अडचणीतून काढलेला मार्ग आज साधा वाटतो. मैदानाची लांबी वापरता येत नसेल, तर रुंदी वापरावी. ती ५३ यार्डांहून थोडी अधिक असते आणि बचावफळीला ती सगळी राखावी लागते. क्वार्टरबॅकने तीन किंवा पाच पावले मागे सरायचे आणि ठरल्या क्षणी चेंडू सोडायचा. रिसीव्हरने त्याच क्षणी ठरल्या जागी वळायचे. पाच-सहा यार्डांची ही छोटी फेक जवळजवळ धावेइतकीच भरवशाची. चेंडू आपल्याकडे राखायचा आणि झेल घेतल्यानंतर धावून अंतर वाढवायचे. फेक कोणाकडे जाणार याचा क्रमही आधीच ठरलेला: पहिला मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. दंडाचे काम घड्याळावर आणि डोक्यावर सोपवले गेले.

डोक्याच्या बाबतीत कार्टर कमी नव्हता. १९७१ मध्ये रॉबर्ट मॅकोल यांच्यासह त्याने ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. मैदानावर चेंडू कोठे आहे, त्यावरून अपेक्षित गुण किती, याचे गणित त्यात मांडले होते. आजचे क्रीडा-विश्लेषक ज्या मापावर पोट भरतात, त्याचे हे आरंभीचे रूप! तरीही वॉल्श यांच्या चरित्रकथेत कार्टर येतो तो बहुधा ‘दुबळ्या दंडाचा’ एवढ्या एकाच विशेषणापुरता.

सहा पराभवांनंतर बेंगल्सनी उरलेले सातही सामने जिंकले आणि ८-६ अशा कामगिरीने गटविजेतेपद मिळवले. याचे सारे श्रेय छोट्या फेकींना देणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. त्या वर्षी कार्टरच्या निम्म्याहून थोड्याच अधिक फेकी यशस्वी झाल्या. बचावफळी आणि धावपटूंचा वाटा मोठा होता. प्ले-ऑफमध्ये बाल्टिमोरने त्यांना १७-० असे कोरडे घरी पाठवले. पद्धतीची खरी पावती पुढच्या वर्षी मिळाली. यशस्वी फेकींच्या प्रमाणात (६२.२ टक्के) कार्टर संपूर्ण लीगमध्ये पहिला आला.

येथेच ‘इष्टापत्ती’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. कुक जखमी झाला नसता तर ही पद्धती सुचली नसती, म्हणून ते बरेच झाले, असा सूर अनेक लेखनांतून डोकावतो. आपत्ती एकाची आणि इष्ट दुसऱ्याचे, असा हा हिशेब आहे. वॉल्श यांची प्रतिभा कोणी नाकारू नये. क्वार्टरबॅक गमावून तळाला गेलेले संघ पुष्कळ आहेत. त्यांनी नवी पद्धती शोधली नाही. शिवाय ओकलंड येथे १९६६ मध्ये गिरवलेले पासिंगचे धडे वॉल्श यांच्या गाठीशी होतेच. पण कुकच्या खांद्याला या गोष्टीत केवळ ठिणगीचे स्थान देणे हा इतिहासलेखनातील आळस आहे. खुद्द वॉल्श पुढे कुकच्या गुणवत्तेविषयी हळहळत राहिले, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

‘वेस्ट कोस्ट’ हे नाव बऱ्याच नंतर, वॉल्श यांनी सॅन फ्रान्सिस्कोला वैभव मिळवून दिल्यावर रूढ झाले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी पहिला सुपर बोल जिंकला तो सिनसिनाटीलाच २६-२१ असे हरवून. जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, २०-१६. त्या वेळी सिनसिनाटीचा प्रशिक्षक होता सॅम वायश. १९६९ मध्ये जखमी कुकच्या जागी उतरलेला क्वार्टरबॅक.

कुकचा खेळ या सगळ्याच्या कितीतरी आधी थांबला होता. शस्त्रक्रियांनंतर १९७३ मध्ये तो एकदाच मैदानात परतला, तोही कॅन्सस सिटीकडून, म्हणजे ज्या संघाविरुद्ध खांदा गेला त्याच संघाकडून. तीन फेकी, त्यांपैकी एक यशस्वी. ११ यार्ड.