शिक्का मारलात, आता कात्री आवरा

हॉलिवूडचा ‘द जंगल बुक’ एप्रिल २०१६ मध्ये आपल्याकडे झळकला, तेव्हा सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘यूए’ प्रमाणपत्र दिले आणि स्वतःचे हसे करून घेतले. थ्रीडीमुळे प्राणी अंगावर झेपावल्यासारखे वाटतात, लहान मुले घाबरतील, असे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे होते. मोगलीचे शिवनी आपल्या पेंचच्या जंगलाला लागूनच. चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत वाघ ही रोजची धास्ती असते. आणि बोर्ड संगणकावर काढलेल्या शेरखानला बिचकले! नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत हाच शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरत असे. २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही आवाज नानांचाच होता. त्या आवाजाने काही पोरे आईच्या पदराआड लपली असतील, पण पुढच्या रविवारी तीच सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर फतकल मारून बसलेली असत. भीती वाटावी म्हणून तर गोष्ट ऐकायची असते.

तरीही बोर्डाची त्या वेळी उडवलेली खिल्ली थोडी अस्थानी होती. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत त्या चित्रपटाला ‘पीजी’ मिळाले होते. म्हणजे आईवडिलांनी लक्ष ठेवावे, एवढेच. आपल्या ‘यूए’चा अर्थ त्याहून वेगळा नाही. फरक होता तो कारण सांगण्यात. तिकडे मानांकनाबरोबर ते का दिले, हेही एका ओळीत सांगतात. आपल्या पोस्टरवर नुसती दोन अक्षरे. आत भूत आहे, रक्त आहे की शिवीगाळ, हे आईबापांनी तिकीट काढून आत गेल्यावरच शोधायचे.

श्याम बेनेगल समितीचा अहवाल त्याच एप्रिलमध्ये सरकारकडे गेला, हा योगायोग. बोर्डाने प्रमाणपत्र द्यावे, कापाकापी करू नये, आणि ‘यूए’चे वयानुसार भाग पाडावेत, असे समितीने सुचवले होते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. वय नेमके सांगितले की कापायची गरज उरत नाही, हे त्यामागचे साधे गणित. सरकारने त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलला. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन शिक्के आले. कात्री होती तिथेच राहिली.

ती कशी चालते, याचा नमुना जुलै २०२५ मध्ये दिसला. ‘सुपरमॅन’ला ‘यूए १३+’ मिळाले, आणि वर त्यातले सुमारे ३३ सेकंदांचे चुंबन छाटले गेले. शहरच्या शहर दुभंगते, उंच इमारती कोसळतात, माणसे सैरावैरा धावतात, ते सारे शाबूत. बाधा काय ती चुंबनाने होणार होती! आता, तेरा वर्षांखालच्या मुलाला न्यायचे की नाही, हे पालकांनी ठरवावे असे शिक्काच सांगतो. मग ते दृश्य नेमके कोणासाठी कापले? चाळीस वर्षांचा प्रेक्षकही तीच छाटलेली प्रत पाहून घरी गेला. शेजारी बसलेल्या पोराच्या एखाद्या प्रश्नाने मोठ्यांची पंचाईत होऊ नये, एवढीच काळजी या कापाकापीमागे दिसते. तिला बालसंगोपन म्हणू नये.

यात धंद्याचाही भाग आहे, आणि त्याबद्दल निर्माते फारसे बोलत नाहीत. ‘ए’ चित्रपट टीव्हीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, तो कापून पुन्हा प्रमाणित करून घ्यावा लागतो. टीव्हीचे हक्क विकायचे, कुटुंबासकट येणारा प्रेक्षकही हवा, म्हणून निर्माताच बोर्डाला विचारतो, ‘काय काढले तर यूए द्याल?’ प्रौढांसाठी बनवलेला चित्रपट असा मुलांच्या नावाने कापला जातो. तो धड प्रौढांचा राहत नाही, आणि मुलांचा तर तो कधी नव्हताच.

प्रत्यक्षात काय होते? रात्री नऊच्या खेळाला मारधाडीच्या ‘यूए’ चित्रपटात मांडीवर तीन वर्षांचे पोर घेऊन बसलेला बाप कोणत्याही मल्टिप्लेक्समध्ये दिसतो. गोळीबार सुरू झाला की पोर भोकाड पसरते, आई त्याला घेऊन पायऱ्यांवरून खाली धावते, पॉपकॉर्न सांडतात. ‘यूए’मध्ये दरवाजावरचा माणूस त्यांना अडवू शकत नाही, आणि अडवू नयेच; निर्णय पालकांचा आहे. पण त्या बापाला आधी कोणी सांगितले होते का, आत काय आहे? ओटीटीवर वयाच्या आकड्यासोबत आशयाची सूचना देणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्याच नियमांनी पालकांच्या हाती कुलूपही दिले. (त्याचा पिन घरातल्या धाकट्यालाच पाठ असतो, हा भाग निराळा.) मोबाइलवरच्या रील्सबद्दल तर न बोललेलेच बरे.

मुलांनी काय पाहू नये, याचा एवढा विचार करणाऱ्या सरकारने त्यांनी काय पाहावे यासाठी काय केले? खास त्यांच्यासाठी चित्रपट काढणारी ‘चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी’ १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केली गेली आणि तिचे वेगळे अस्तित्व संपले. ‘एलिझाबेथ एकादशी’ किंवा ‘किल्ला’सारखे चित्रपट मराठीत निघाले ते दिग्दर्शकांच्या हिमतीवर.

वयाच्या शिक्क्यांना आमचा विरोध नाही. उलट ते आणखी स्पष्ट हवेत. शिक्क्याखाली कारण छापा, ते चित्रपटाच्या भाषेतही छापा, आणि तिकीट काढण्याआधी दिसेल अशा अक्षरांत छापा. आणि एकदा ‘१३+’ म्हटल्यावर चित्रपट जसा आहे तसा दाखवा.