जर्मनीचं इंजिन, परभणीची थंडी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ आमच्या जिल्ह्यातला माणूस भेटला आणि दहा मिनिटांत त्याने हे वाक्य टाकलं नाही, तर खुशाल त्याचं आधार कार्ड तपासा. पुण्यात आल्यापासून मीही हे वाक्य प्रत्येक कॅन्टीनमध्ये ऐकवलंय. समोरचा हमखास विचारतो, ‘पण का? कनेक्शन काय?’ खरं सांगू? मलाही माहीत नव्हतं. ते कनेक्शन मला जानेवारी २०२३ मध्ये, पहाटे पावणेचार वाजता, आमच्या अंगणात सापडलं. जर्मनीत जन्मलेल्या जातीचं एक इंजिन परभणीच्या थंडीत चालू व्हायला साफ नकार देत होतं!

झालं असं, की धाकटीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. परभणीला, पहाटे पाचला हजर. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीजवळ. म्हणजे परभणी तासाभराच्या आतच. पण उशीर झाला की विषय संपला. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, मग गोळाफेक, एकूण ५० गुण. या काही मिनिटांसाठी बाईसाहेब दीड वर्ष रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळत होत्या, एवढं सांगितलं म्हणजे टेन्शनची कल्पना येईल.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालेलं. अंधारात गाडी चालवायला डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणजे ड्रायव्हर मी! हिंजवडीचं ट्रॅफिक कोळून प्यायलेली मी. गाडी अण्णांची, २००७ सालची, डिझेल. पंधरा वर्षं झाल्यावर तिची फिटनेस करून अण्णांनी नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. घरात कुणाच्या वाढदिवसाचं एवढं कौतुक झालं नसेल.

मी ऐटीत बसले, चावी फिरवली. मागून अण्णांचा आवाज, ‘थांब की जरा. कामून घाई करायलीस?’

‘होतंय हो अण्णा!’

खर्र खर्र खर्र... गाडी ढिम्म. पुन्हा चावी. पुन्हा खर्र खर्र. मागून पांढरा धूर निघत होता, पण इंजिन काही पेट घेईना. चार, पाच, सहा... आठव्यांदा सेल्फचा आवाज जड झाला. नंतर नुसतं ‘टक्’. आणि मग शांतता. फक्त लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या अंगणात तज्ज्ञांची समिती बसली. काका म्हणाले, बॅटरी गेली. चुलतभाऊ म्हणाला, पेट्रोलचा बोळा हवेच्या पाइपला धर, लगेच उडते. आई म्हणाली, नजर लागली, लिंबू उतरवते. अण्णा म्हणाले, पंपावरचं डिझेलच खराब असणार. आणि मी काय म्हणाले? ‘विकून टाका हे भंगार!’ धाकटी काहीच बोलली नाही. ती बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती. तेवढं बघूनच माझ्या पोटात खड्डा पडला.

नशीब, की सव्वाचारला दूधवाल्याची पिकअप रस्त्याने चालली होती. पुढे धाकटी आणि अण्णा, आणि मागे उघड्यावर, दुधाच्या कॅनांच्या मध्ये, हिंजवडीची ड्रायव्हर. पोहोचलो तेव्हा पाचला पाच कमी होते. परभणीची जानेवारीतली थंडी काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते अगदी योग्यच झालं!

दुपारी मिस्त्री आले. मला वाटलं, आता बॉनेट उघडणार, पाने काढणार, मोठं बिल सांगणार. त्यांनी आधी अंगणात उभं राहून चहा घेतला आणि तीन प्रश्न विचारले. ‘सेल्फ कसा फिरत होता ताई, जोरात का मरत मरत? धूर निघाला का? आन् कोणत्या रंगाचा?’

सुरुवातीला जोरात फिरत होता, पांढरा धूर निघत होता, असं मी सांगितलं. मिस्त्री हसले. ‘मग गाडीनं तुमाला सगळं सांगितलंच की! तुमी ऐकलं न्हाई.’

तर मंडळी, आजचा फंडा एवढाच आहे. चालू न होणारी डिझेल गाडी गप्प नसते. ती नेमकं कुठे दुखतंय ते सांगत असते. आपण आधी खिशात हात घालतो, नाहीतर सेल्फवर सेल्फ मारतो.

आता थोडं इंजिनाच्या पोटात शिरू. (घाबरू नका, मीही आर्ट्सचीच.) पेट्रोल गाडीत ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्याचं गुपित आहे दाब. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती दाबूनच तापली पाहिजे. आमच्या अण्णांच्या गाडीसारख्या जुन्या इंजिनात ती वीस-बावीस पट दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपसूक पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? तेच, फक्त जाम मोठ्या प्रमाणावर.

म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. हवा दाबायला इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, डिझेल पोचलं पाहिजे आणि उष्णता मिळाली पाहिजे. मिस्त्रींचे तीन प्रश्न याच क्रमाने होते!

पहिली गोष्ट, वेग. नुसता ‘टक्’ आवाज, किंवा सेल्फ रडत रडत फिरतोय, तर बॅटरी, तिची टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा सेल्फ यांतलं काहीतरी. हळू फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा निसटते, थंड होते आणि डिझेल पेटत नाही. हे अण्णांना माझ्याआधी ठाऊक होतं, कारण ते विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबरोबर वाढले. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी १९४६ मध्ये ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढे ती इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर धडधडली. ती हँडल मारून चालू करायची. आधी एक छोटा खटका उचलून दाब सोडून द्यायचा, चाक जोरात गरगरवायचं आणि वेग आला की खटका पाडायचा. धड् धड् धड्... सुरू! आधी वेग, मग दाब. हातातल्या हँडलने शिकवलेलं फिजिक्स आहे हे बॉस.

दुसरी गोष्ट, डिझेल. सेल्फ मस्त फिरतोय पण धूर अजिबात नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाहीये. टाकी रिकामी, फिल्टर चोंदलेला, पंपाचा डिझेल सोडणारा व्हॉल्व्ह उघडत नसेल किंवा पाइपमध्ये हवा शिरलेली. मेकॅनिकच्या भाषेत ‘एअर धरली’. जुन्या गाड्यांत फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबला की डिझेल पुढे सरकतं.

आणि तिसरी, उष्णता. सेल्फ जोरात, धूर पांढरा, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाहीये. ते वाफ होऊन मागून बाहेर पडतंय. थंडीत गार पडलेलं लोखंड हवेची उष्णता पिऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर असतो, ग्लो प्लग. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण दिसते ना? ती याचीच. ती विझली की मग सेल्फ मारायचा. (मी थांबले होते का? पुढचा प्रश्न घ्या.)

मिस्त्रींनी चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली. मग बॅटरीच्या प्लसला टेस्ट लॅम्पची एक वायर लावली आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत. पहिला, अंधार. दुसरा, अंधार. तिसरा, लागला! चौथा, अंधार. चारातले तीन मेलेले. आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा? तो या गाडीत ठरलेला वेळ लागून विझतो. प्लग मेलेत हे त्याच्या गावीही नसतं.

‘हे काय काल झालेलं न्हाई,’ मिस्त्री अण्णांकडे बघत म्हणाले. ‘दोन हिवाळे तरी झाले आसतील.’

अण्णा जरा वेळ खांद्यावरच्या उपरण्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, ‘तीनदा चावी फिरवली की व्हती चालू. दिवा लागू द्यायचा, इझू द्यायचा. तीनदा. मंग सेल्फ मारायचा.’

म्हणजे उरलेल्या एका प्लगला तीनदा तापवून, एका सिलिंडरच्या जोरावर अण्णा दोन हिवाळे गाडी चालू करत होते. कुणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर आम्ही दोघी एका सुरात म्हणालो असतो, विकून टाका. पहाटे ‘थांब की जरा’ म्हणाले ते याचसाठी. मी थांबले नाही, आठ वेळा सेल्फ मारून चांगली बॅटरीही झोपवली.

चार प्लग, मजुरी आणि बॅटरीचं चार्जिंग, सगळं मिळून माझ्या एका वीकेंडच्या हॉटेलिंगएवढं बिल झालं. जाता जाता मिस्त्रींनी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आधी चमचा-दोन चमचे पाणी निघालं. ते पंपावरून आलं नव्हतं. अण्णा शेतातल्या कॅनमधलं डिझेल गाडीत ओतत, त्या कॅनचं झाकणच नव्हतं! अण्णांनी विषय बदलून पाऊसपाण्यावर नेला.

तुम्ही म्हणाल, हे गावाकडच्या जुन्या गाडीचं झालं, आमचं काय? मारुतीने १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ लागू होताच, डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. म्हणजे तुमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या त्यांच्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायर आता सगळ्याच वयात आलेल्या. या गाड्या कॉमन रेल. थंडीत जुन्या इंजिनांइतक्या कुरकुरत नाहीत, पण आठवडाभर पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या की बॅटरी रुसते. सेल्फ फिरूनही चालू झाली नाही, तर सेन्सरचा दोष असू शकतो. तो स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. क्रम मात्र तोच. आधी आवाज, मग धूर, मग पाकीट!

गाडी रुसली तर...

* चावी फिरवा, स्प्रिंगची पिवळी खूण विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. क्लच दाबलेला असू द्या.
* एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको. मध्ये मिनिटभर विश्रांती. चार प्रयत्नांत नाही झाली, तर थांबा.
* बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी मायनसची वायर काढा. मग दोन्ही टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, पेट्रोलियम जेली लावा.
* पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे नको. ग्लो प्लग तापलेले असताना भलत्या वेळी भडका उडतो. इंजिनाचं आणि तुमचंही नुकसान.
* धक्का मारून जुनी डिझेल गाडी चालू होऊ शकते. कॉमन रेल गाडीची बॅटरी पूर्ण गेली असेल तर धक्क्याने काही होत नाही. जंप केबल वापरा.
* पाइप सैल करून एअर काढायचा गावठी उपाय कॉमन रेलमध्ये अजिबात करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो.
* गंजलेला ग्लो प्लग जोर लावून काढू नका. तो तुटून हेडमध्ये अडकला तर स्वस्तातलं काम महागात जातं. ते मिस्त्रींवर सोडा.

आणि धाकटी? मैदानीत छान गुण मिळाले, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. पुढच्या भरतीची मैदानी जून २०२४ मध्ये झाली, ऐन पावसाळ्यात. तिथे ग्लो प्लगला काही कामच नव्हतं. तरी अण्णांनी पिवळा दिवा विझेपर्यंत सगळ्यांना गाडीत गप्प बसवलं. या वेळी तिची निवड झाली.

हल्ली दर हिवाळ्यात फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘अण्णा, गाडी कितव्यांदा चालू होतेय?’

‘पयल्यांदाच,’ अण्णा ऐटीत सांगतात.

परवा मी पुढचा प्रश्नही विचारला. ‘आणि गुडघा?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘त्याला दोन चाव्या लागायल्यात.’

पुढच्या शनिवारी गावी चाललेय. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय.