आजाऱ्याच्या उशाशी

आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी नेणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मोसंबं सोलून खाता येतं आणि ते आपल्याला उपदेश करीत नाही. माझं भांडण आहे ते उशाशी ‘प्रेरणादायी’ पुस्तक ठेवून जाणाऱ्यांशी.

माझा गुडघा बदलला तेव्हा अशी सात पुस्तकं जमली. सातांचं सार एकच : मनात आणलं की माणूस उठतो! आमचे मेहुणे तर म्हणाले, “भावोजी, एवढं वाचाच. महिन्यात पळायला लागाल.”

आता गुडघ्याचं आणि मनाचं इतकं सूत असतं तर काय हवं होतं? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. मग टाच गादीवरून सरकवत आपल्याकडे ओढायची. फिजिओथेरपीच्या बाई कोनमापक लावून बघणार. काल पंचाहत्तर अंश, आज अठ्ठ्याहत्तर. ह्या तीन अंशांत एव्हरेस्ट कुठे बसवायचा, सांगा!

पण खरा राग वेगळाच आहे. ‘इच्छाशक्तीने बरा झाला’ असं एकदा छापलं, की जो बरा होत नाही तो आपोआप कामचुकार ठरतो. शेजारच्या कॉटवर पक्षाघाताचे एक गृहस्थ व्यायामाला येत. मूठ उघडायची म्हणून घामाघूम होत. मूठ उघडत नसे. त्यांना ह्या सातांतलं कुठलं प्रकरण वाचून दाखवू?

तेव्हा पुस्तक द्यायचंच तर स्वतः पडून राहिलेल्या माणसाचं द्या. ऑलिव्हर सॅक्स मेंदूविकारांचा डॉक्टर. १९७४ साली नॉर्वेच्या डोंगरात बैलाला भिऊन पळाला नि पडला. शस्त्रक्रिया झाली, पण डावा पाय त्याला आपला वाटेचना. चालणं परत आलं ते मनात वाजू लागलेल्या मेंडेल्सनच्या व्हायोलिनबरोबर. ते सारं ‘अ लेग टू स्टँड ऑन’ (१९८४) मध्ये आहे. पॅरिसचा संपादक जाँ-दोमिनिक बोबी डिसेंबर १९९५ च्या झटक्यानंतर डाव्या पापणीपुरता उरला. समोरच्याने मुळाक्षरं म्हणायची, हव्या त्या अक्षराला ह्याने पापणी मिटायची. असं सांगितलेलं त्याचं पुस्तक १९९७ साली आलं, नि त्यात चक्क विनोद आहेत! तो बरा झाला नाही. त्याची इच्छाशक्ती कमी पडली म्हणणाऱ्याने आधी पापणीने एक पान लिहून दाखवावं.

आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर आत्मकथेचं नावच ‘चाकाची खुर्ची’ ठेवलं. खुर्ची सुटेपर्यंत जगणं थांबवायचं नसतं, हे त्या नावातच आलं.

आणि हे काहीच मिळालं नाही, तर सरळ एखादी रहस्यकथा न्या. फक्त पातळ बघा. खांदा आखडलेल्याला सातशे पानांचा ग्रंथ म्हणजे वाचन नव्हे, वजन उचलणं. खुनी सापडेपर्यंत व्यायामाच्या दोन-तीन फेऱ्याही उरकतात. शिवाय रहस्यकथेत आरोपी निदान दुसरा कुणीतरी असतो.