पत्र्याच्या पोटाशी

जानेवारीतल्या एका पहाटे गावाहून आईचा फोन आला. "अरे, पत्रा गळतोय."

"आई, जानेवारीत पाऊस कुठला?"

"ते मला काय विचारतोस? पांघरूण ओलं झालंय, एवढं मला कळतं."

दापोली तालुक्यातलं आमचं घर मंगलोरी कौलांचं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि ही कौलं हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्याकडे नळे काढून ती चढली आजोबांच्या काळात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत निम्मं छप्पर खळ्यात येऊन पडलं. पावसाळा तोंडावर होता. गावोगाव कौलांसाठी धावाधाव चाललेली, कौलं मिळेनात. शेवटी आम्हीही पत्रा घातला. वाशांवर लोखंडी पाइप, त्यावर रंगीत पत्रा, काम तीन दिवसांत पुरं. आता दर वैशाखात शाकारणी नको, वानरांनी कौलं फोडायची भीती नको, म्हणून आम्ही खूश होतो.

गळती ऐकून पत्रा बसवणारा आला. त्याने एकूण एक स्क्रूभोवती सिलिकॉन भरलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा टपटप. मग आमचे म्हातारे सुतारकाका शिडी लावून वर गेले, पत्र्याच्या पोटावरून हात फिरवला आणि ओला तळवा आईला दाखवत म्हणाले, "वहिनी, ही गळती नव्हे. हे दव आहे. अंगणात पडायचं ते तुमच्या घरात पडतंय."

थंडीत आभाळ निरभ्र असलं की अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा आपली ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. चुलीची, न्हाणीची, माणसांच्या श्वासाची दमट हवा वर जाऊन त्याला टेकली, की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसा पत्र्याला आतून सुटतो. कौलंही गार पडत; पण भाजकी माती थोडा ओलावा पिऊन टाकी आणि उरलेली वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई. ऊन, आवाज, वाफ आणि पाऊस अशी चार कामं कौलं न बोलता करत होती. पत्र्याला त्यातलं एकच येतं. बाकीची तीन त्याच्या खालच्या थराने करायची, आणि तो थर आम्ही घातलाच नव्हता.

मग शोध सुरू झाला. थर्माकोल स्वस्त, पण उंदरांना आयतं घर आणि ठिणगी पडली तर घात. काचेची लोकर उष्णता आणि आवाज दोन्ही अडवते, पण एकदा भिजली की तिचं ओझं तेवढं उरतं. कोकणातल्या हवेत ती कोरडी ठेवायची कोणी? डांबरी कागद मे महिन्यात, साठ अंशांच्या पुढे तापलेल्या पत्र्याला चिकटून बसेल अशी धास्ती. उरला तो बुडबुड्यांचा चंदेरी फॉइल. मी दुकानात तोच मागितला, तर दुकानदार म्हणाला, "पत्र्याला चिकटवून टाका, झालं काम."

तिथेच गोम आहे. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णतेचे किरण परतवतं, पण त्याच्यापुढे मोकळी हवा असेल तर. पत्र्याला चिकटवलं, की तापलेल्या तव्याला हात लावल्यासारखी उष्णता सरळ त्यात उतरते. म्हणजे फॉइलच्या पैशात निम्मी किंमत इंचभर पोकळीची. गंमत अशी की वरच्या बाजूवर धूळ बसून तिची चमक गेली, तरी खालची चकचकीत बाजू काम करत राहते, कारण ती स्वतः उष्णता फारशी सोडत नाही.

एप्रिलमध्ये चांगला बसवलेला पत्रा पुन्हा उतरवला. हा खर्च निव्वळ घाईचा. पत्रा चढण्याआधी यातलं सगळं निम्म्या कष्टात झालं असतं. वाशांवर फॉइल, फॉइलवर वाशाच्याच रेषेत उभ्या रिपा, त्यांवर आडवे पाइप आणि सगळ्यात वर पत्रा. रिपा जुन्याच, कौलांच्या, माळ्यावर पडलेल्या. फॉइलचे पट्टे सुतारकाकांनी वळचणीकडून आढ्याकडे घातले, वरचा पट्टा खालच्यावर चढवून. "कौलं कशी लावतात? तसंच," एवढंच म्हणाले. पत्र्याच्या पोटाला दव धरलंच, तर ते फॉइलवर पडून उतारावरून पन्हळीत जाणार. वळचण आणि आढं दोन्हीकडे जाळी लावून वाऱ्याला वाट ठेवली.

आवाजाचं मात्र फॉइलला जमत नाही. आषाढातल्या सरी पत्र्यावर कोसळतात तेव्हा समोरासमोर बसून बोलता येत नाही. आवाज मारायला वजन लागतं. सगळ्या घराला फळ्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून आईच्या खोलीपुरत्या फॉइलखाली घातल्या. बाकी घरात पाऊस चालू असला की आम्ही गप्प बसतो.

पुढच्या जानेवारीत मीच पहाटे फोन केला. "आई, गळतंय का?"

"गळतंय की," ती म्हणाली. "पन्हळीखाली बादली लावून ठेवलीय. तुळशीला होतंय तेवढं."