मे महिन्याच्या सुट्टीला बिंदूनामावली नसते

दहावी-अकरावीच्या परीक्षा संपल्या की रत्नागिरी जिल्ह्यातील मुलांचे दोन रस्ते होतात. एक रस्ता पुण्या-मुंबईला जातो. तिथे मामा किंवा आत्या असते. त्यांच्या घरी राहून मुलगा संगणकाच्या उन्हाळी शिबिराला जातो, किंवा ओळखीच्या माणसाच्या कंपनीत महिनाभर 'इंटर्नशिप' करतो. दुसरा रस्ता आंब्याच्या बागेत जातो. हातात झेला, डोक्यावर ऊन, आणि संध्याकाळी वर्गवारी करून भरलेल्या हापूसच्या पेट्या. या दुसऱ्या रस्त्यावर कोणत्या वाडीची मुले जास्त असतात हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

कष्टाला कमी लेखण्याचा हेतू नाही. आपल्या आईबापांनी याच कष्टावर आपल्याला शिकविले. प्रस्तुत लेखकाची वकिलीची पदवीही त्याच कष्टातून आली आहे. प्रश्न वेगळा आहे. जून महिन्यात ही दोन्ही मुले एकाच वर्गात एकाच बाकावर येऊन बसतात, तेव्हा ती खरोखर एकाच ठिकाणी असतात काय?

मागे एक पालक आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. काम जातपडताळणीच्या कागदपत्रांचे होते. मुलगी अकरावी विज्ञानची परीक्षा देऊन बसलेली, गावच्या बौद्धवाडीतील. कागद तपासून झाल्यावर तिने भीतभीत विचारले, "सर, सुट्टीत कंपनीत संगणकाचे काम शिकायला घेतात म्हणे. त्याचा अर्ज कुठे मिळतो?" मी म्हटले, "बाळा, चौकशी करून सांगतो." चौकशी केली. ज्या ठिकाणी केली तेथील साहेब सज्जन होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणाच्या ओळखीची आहे?" अर्जाचे विचारले तर ते हसले. अर्ज नव्हताच.

वीस वर्षे कोर्टाची पायरी चढल्यावरही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती त्या मुलीच्या प्रश्नाने लक्षात आली. ज्याचा अर्ज नाही त्याची जाहिरात नाही. ज्याची जाहिरात नाही तेथे बिंदूनामावली नाही. आणि जेथे बिंदूनामावली नाही तेथे आपल्या मुलाला जागा मिळालीच तर ती कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळते, हक्काने नव्हे.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, एवढे काय त्या शिबिरात? अभियांत्रिकीचा प्रवेश तर सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर होतो. उन्हाळी शिबिराच्या प्रमाणपत्राला तेथे एकही गुण नाही. हे खरे आहे, पण नुकसान प्रवेशाच्या दिवशी होत नाही, ते प्रवेशानंतर होते. दोन सुट्ट्या ज्याने संगणकासमोर काढल्या, त्याने स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहिलेला असतो, तो चुकलेला असतो, चूक कोठे आहे हे शोधून दुरुस्तही केलेला असतो. त्याला पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा ओळखीची वाटते. आपला मुलगा शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात राहून तेथे पोहोचतो आणि कीबोर्डवर बोटे ठेवण्याची ती त्याची पहिली वेळ असते. शिक्षक पुढे निघून जातात. एक विषय राहतो, मग दुसरा राहतो. केटी लागते. आणि मग मागच्या बाकावरून तो शब्द येतो, "कोट्यातून आलेला आहे ना!" बुद्धी दोघांची सारखीच होती. फरक फक्त दोन मे महिन्यांचा होता. पण मुलगा स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो. अशी किती मुले गप्प बसली याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम १५(४) आणि १५(५) ने शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी आरक्षणाचा मार्ग मोकळा केला. कलम १६(४) ने शासकीय नोकरीचा. म्हणजे आपले संरक्षण दोन दरवाजांवर उभे आहे. पण या दोन दरवाजांकडे जाणारी वाट आता उन्हाळी शिबिरे आणि इंटर्नशिप यांतून जाऊ लागली आहे आणि त्या वाटेवर पहारेकरी नाही. आपल्याकडे काम शिकण्याला पूर्वी उमेदवारी म्हणत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला उमेदवारी करता येते, आणि १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आली. कायदा करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळले होते की काम शिकण्याची जागा हीसुद्धा वाटपाची गोष्ट आहे. आज त्याच उमेदवारीला इंटर्नशिप हे नाव दिले की हा कायदा आपोआप लागू होत नाही. नाव बदलले आणि राखीव जागा गेली!

शासनाच्या नव्या योजना पाहाव्यात तर त्या मोठ्या मुलांसाठी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ साली आली ती १८ ते ३५ वयासाठी. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली ती २१ ते २४ वयासाठी. नववी ते बारावीचा विद्यार्थी दोन्हींच्या बाहेर. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की सहावीपासून कोडिंग शिकवावे आणि सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीच्या काळातही व्यवसाय शिकण्यासाठी इंटर्नशिपची संधी उपलब्ध करून द्यावी. धोरणावर आपले आक्षेप अनेक आहेत, ते या वृत्तपत्रात वेळोवेळी मांडले गेले आहेत. पण जे कागदावर लिहून दिले आहे ते तरी मागून घ्या! कलम ४६ नुसार दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हितसंवर्धन करणे ही राज्याची जबाबदारी आहे. शिक्षण फक्त जून ते एप्रिल चालते असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्याजवळ बुद्धी होती, जिद्द होती. पण पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचताना हेरले होते. त्यांनीच पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोद्याचीच महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती उपयोगी पडली. म्हणजे बाबासाहेबांसारख्या प्रज्ञावंतालाही एका केळूसकरांची गरज लागली. परंतु बाबासाहेबांनी यातून काय शिकले? प्रत्येक मुलाला केळूसकर भेटतीलच या आशेवर ते बसले नाहीत. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी वर्ग सकाळी भरविले. ओळखीची जागा त्यांनी संस्थेला दिली आणि घड्याळ आपल्या मुलांच्या सोयीने लावले. आज आपल्याला कॅलेंडर आपल्या मुलांच्या सोयीने लावायचे आहे.

हे अशक्य नाही. अमेरिकेत एमआयटी या जगप्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेने १९७० च्या दशकात एक उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. अभियांत्रिकीत ज्यांचे प्रमाण नगण्य होते त्या कृष्णवर्णीय व इतर वंचित समाजांतील शाळकरी मुलांना सहा आठवडे तेथे ठेवून गणित-विज्ञान शिकविले जाऊ लागले. शिकवणी, राहणे आणि जेवण यांचा एक पैसाही त्यांच्याकडून घेतला जात नाही. एवढे लांब कशाला? आपल्या इस्रोने २०१९ साली नववीच्या मुलांसाठी 'युविका' हा सुट्टीतील दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम सुरू केला. प्रवासाचा, राहण्याचा खर्च इस्रोचा, आणि निवडीत ग्रामीण शाळेतील मुलांना जादा गुण. त्यासाठी जाहिरात निघते, अर्ज भरला जातो, गुणांची यादी लागते. कोणाच्या ओळखीचा हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. अंतराळासाठी हे जमते तर संगणकासाठी जिल्हा पातळीवर का जमू नये?

रत्नागिरीत काय नाही? शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्स अकादमी आहे, आंबवला राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे. परीक्षा आटोपल्यावर संगणक प्रयोगशाळा काही आठवडे रिकाम्या राहतात. समाजकल्याणच्या वसतिगृहांतील मुले सुट्टीत गावी जातात, खोल्या रिकाम्या होतात. जिल्हा नियोजन समितीकडे अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचा निधी दरवर्षी येतो. खोली आहे, यंत्र आहे, निधी आहे. फक्त या तिघांची गाठ घालून देणारा शासकीय आदेश नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. समाजकल्याण विभागाने आणि बार्टीने प्रत्येक जिल्ह्यात नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी मे महिन्यात चार आठवड्यांचे निवासी संगणक शिबिर घ्यावे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, शासकीय महामंडळे यांनी सुट्टीतील इंटर्नशिपच्या जागा जाहिरात देऊन, आरक्षणाप्रमाणे भराव्यात. आणि मुलांना विद्यावेतन द्यावे, कारण जो मुलगा बागेत रोज कमावून चूल पेटवितो त्याला फुकटचे शिबिरसुद्धा परवडत नाही. हा शेवटचा मुद्दा निवेदनातून कधीही गाळू नये.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांना कोडिंग शिकविण्याच्या जाहिरातींचा पूर आला होता. त्यातील काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेच्या सूचनेवरून मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा पालकांनी कर्ज काढून अशा वर्गांच्या मागे लागू नये. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे संगणकाचे पाठ मराठीतही मोफत उपलब्ध आहेत. भारतीय संगणक ऑलिम्पियाडची पहिली पायरी कित्येक वर्षे चक्क कागद-पेनावर घेतली गेली, तिला संगणक लागत नव्हता. विचार करण्याची पद्धत आधी, यंत्र नंतर. तसेच इंटर्नशिपच्या नावाखाली मुलांना चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला लावणाऱ्यांपासून सावध राहावे. महिन्याअखेरीस मुलाने स्वतः काय बनविले हे पालकांनी विचारावे.

शासनाने करावे ते शासन करील किंवा आपण लढून करवून घेऊ. पण तोपर्यंत आपण काय करणार? सुट्टीत शिबिर ही आपल्याला नवी गोष्ट नाही. भारतीय बौद्ध महासभेची दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे आपण भरवितो. जेवणाची पाळी लावतो, विहारात मुलांची राहण्याची सोय करतो, वर्गणी गोळा करतो. सकाळी धम्मवर्ग झाल्यावर दुपारच्या चार तासांत त्याच विहारात पाच संगणक मांडता येणार नाहीत काय? आणि शिकविणार कोण असे विचारू नका. मे महिन्यात आपला चाकरमानी गावी येतो. त्यात आता गिरणी कामगाराचा नातू संगणक अभियंता म्हणून हिंजवडीतून, ऐरोलीतून येतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप असतो. तो लग्नाला येतो, बुद्धजयंतीला येतो, मिरवणुकीच्या डीजेला हजाराची वर्गणी देतो. त्याच्याकडून पैसे मागण्याऐवजी आठ दिवस मागा. बौद्धजन पंचायत समितीच्या प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक मुंबई मंडळाने आपल्या गावच्या अशा मुलांची यादी करावी. जो स्वतः आरक्षणाच्या दरवाजातून आत गेला, त्याने आपल्या कंपनीत सुट्टीतल्या दोन जागांसाठी शब्द टाकावा. प्रस्थापितांची ओळख चालते, मग आपली का चालू नये? मात्र आपण ती यादी लावून, गुण पाहून चालवू. घरातल्याच पुतण्यासाठी चालवू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला नव्या न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात. आम्हा वकिलांचे ऊर भरून आले. न्याय गावापर्यंत आला पाहिजे असे त्या दिवशी सर्वांनी म्हटले. मग शिक्षणाची संधीही गावापर्यंत आली पाहिजे, आणि ती दिवाळीनंतर नव्हे तर ज्या महिन्यात मुलगा रिकामा आहे त्या महिन्यात आली पाहिजे.

ती मुलगी त्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला गेली. तिला सांगण्यासाठी माझ्याकडे अर्जाचा पत्ता नव्हता. तिची धाकटी बहीण आता नववीत आहे. पुढच्या मे महिन्यात ती हाच प्रश्न विचारील. तोपर्यंत तिच्या हातात देण्यासाठी एक छापील अर्ज आपल्याजवळ असला पाहिजे, मग तो शासनाचा असो किंवा गावच्या विहाराचा.

जय भीम!