नऊ मुले, आणि दहावे आपले

जून उजाडला की सीमाभागातील मराठी शाळांचे शिक्षक दारोदार हिंडू लागतात. हाती वही, काखेत छत्री आणि तोंडी एकच विनवणी : "यंदा पोराला आपल्या शाळेत घाला." आमच्या परिचयातील एका शाळेत यंदा पहिलीसाठी नऊ नावे नोंदली गेली. दहाव्या नावासाठी गुरुजी ज्या घरी गेले, त्या घरचा कर्ता पुरुष दर वर्षी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला दंडावर काळी फीत बांधून फेरीत अग्रभागी असतो. त्याने गुरुजींना चहा दिला, खुर्ची दिली, आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं बरोबर हाय. पण पोराचं पुढं काय?" त्याचे पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत केव्हाच बसले होते.

हा लेख त्या एका माणसाविरुद्ध नाही. तो आपणा सर्वांविरुद्ध आहे, आणि त्यात आम्हीही आलो.

दहा या आकड्याला इतिहास आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, एका वर्गात दहा किंवा संपूर्ण शाळेत चाळीस विद्यार्थी अल्पसंख्य भाषेचे असतील, तर त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी शिक्षक नेमावा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी आपल्या मनाविरुद्ध तिकडे गेले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (क) हे कलम संविधानात आले. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. ज्या वर्षी जखम झाली, त्याच वर्षी मलमही कागदावर आले. ते अंगाला लागले किती, हा प्रश्न वेगळा.

सरकारवरील आमचा आरोप आम्ही मागे घेत नाही. ज्या नगरपालिकेत वा तालुक्यात अल्पसंख्य भाषिक पंधरा ते वीस टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करणे हितावह ठरेल, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच म्हटले आहे. तरीही जमिनीचा उतारा संगणकावर आला तो कन्नडात. सत्तर वर्षांचा मराठी शेतकरी स्वतःच्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि जेथे सांगितले तेथे अंगठा उमटवतो. ही गैरसोय नव्हे, ही मानहानी आहे.

ज्यांना हे स्वाभाविक वाटते, त्यांनी एकदा श्रवणबेळगोळला जाऊन यावे. गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाने मूर्ती करविल्याची नोंद मराठीत कोरलेली आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांपैकी हा एक. त्याच पायाशी कन्नड आहे आणि तमिळही आहे. चामुंडराय स्वतः कन्नडचा ग्रंथकार. त्याच्या मूर्तीपाशी परभाषेतले एक वाक्य कोरले गेल्याने कन्नड लहान झाली नाही. नऊशे वर्षांहून अधिक काळ दगडाला जे पेलवले, ते आजच्या कचेरीतील फलकाला पेलवत नाही!

येथवर वाचून माना डोलावणाऱ्यांनी आता जरा आपल्या घराकडे पाहावे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवे, असा नियम कर्नाटकाने केला. आपण संतापलो. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांत आपल्या किती दुकानदारांनी मराठी लिहिले? बहुतेक ठिकाणी तेथे इंग्रजी झळकते. लग्नपत्रिका इंग्रजीत, बारशाचे निमंत्रण इंग्रजीत. ही सक्ती कोणत्या सरकारची?

शाळेची कथा याहून बोलकी आहे. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडात असावे, असा आदेश कर्नाटकाने १९९४ मध्ये काढला होता. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, राज्य मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही, निवड पालकांची. त्या दिवसापासून मराठी शाळेचे भवितव्य बेंगळुरूच्या हाती जेवढे आहे, त्याहून अधिक आपल्या हाती आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा भूमी कोणाची ते ठरवील. वर्गात मूल बसवणार नाही. निकाल उद्या आपल्या बाजूने लागला आणि गावात मराठी वाचणारी पिढीच उरली नाही, तर आपण जिंकले ते काय?

इंग्रजी यावी, उत्तम यावी. पण भाषा म्हणून इंग्रजी शिकणे वेगळे, आणि घरी कोणालाच न येणाऱ्या भाषेतून बेरीज-वजाबाकी शिकणे वेगळे. ज्या घरात अभ्यासाला आई-आजीची मदत होऊ शकते, त्या घरातून ती मदत आपण पैसे मोजून हद्दपार करतो. मराठी शाळेत इंग्रजीचा चांगला शिक्षक मागा, त्यासाठी मोर्चा काढा. आम्ही बरोबर येऊ.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. खानापूरच्या मुलासाठी आपण जे मागतो, ते जतच्या कन्नड मुलाला मिळालेच पाहिजे : शाळा, शिक्षक, पुस्तक आणि समजेल असा सरकारी कागद. तेथे मौन आणि येथे आक्रोश, अशाने आपली मागणी हक्काची राहत नाही, नुसती हट्टाची होते. अण्णा आणि अक्का म्हणून जी भाषा आपल्या घरात नांदते, तिच्याशी आपले वैर नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली. कन्नड २००८ पासूनच आहे. आपण पेढे वाटले, ते योग्यच केले. परंतु अभिजातपणाचा मुकुट दिल्लीहून येतो, भाषेचा श्वास मात्र पहिलीच्या वर्गात चालतो. पुढच्या जूनमध्ये गुरुजी पुन्हा वही घेऊन येतील. तेव्हा चहा नको, खुर्ची नको. वहीत दहावे नाव लिहून द्या.