रस्ता कोणाच्या तीर्थरूपांचा?

मी सायकलवरून शाळेत जातो, ही गोष्ट आमच्या कोल्हापुरात अजून पुष्कळांच्या पचनी पडलेली नाही. "काय मास्तर, गाडी बिघडली काय?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानांवर येतो. गाडी बिघडलेली नाही, गाडी मी घेतलेलीच नाही, असे सांगितले की विचारणारा एकदम ओशाळतो. सुतक असलेल्या घरी जाऊन चुकून पेढे मागावेत, तसा त्याचा चेहरा होतो. त्यातून मी कादंबऱ्या लिहिणारा. लेखनात पैसा नाही ही ऐकीव गोष्ट आज डोळ्यांनी पाहिली, असे एक समाधानही त्या चेहऱ्यामागे दडलेले मला दिसते.

हाच गृहस्थ मला रविवारी भेटतो. त्या दिवशी माझ्याखाली गिअरची, जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल असते. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीला पाण्याची पिशवी. शिवाजी पूल ओलांडून मी वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ असा पन्हाळ्याच्या वाटेला लागलेला असतो. तो मोटारीची काच खाली करून ओरडतो, "वा सर! फिटनेस जोरात!" पाय तेच, घाम तोच, मास्तरही तोच. पण सोमवारची सायकल म्हणजे दारिद्र्य आणि रविवारची सायकल म्हणजे छंद! वाचकहो, माझे भांडण आहे ते या एका गोष्टीशी. आपल्या देशात वाहन हे जाण्यायेण्याचे साधन राहिलेले नाही. ती एक जात झाली आहे. आणि जातीप्रमाणे पाणवठे वाटावेत तसा आपण रस्ता वाटला आहे.

आकडे पाहा. 2011 च्या जनगणनेत देशातील दर शंभर कुटुंबांमागे सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल होती. मोटार, जीप किंवा तत्सम वाहन किती जणांकडे होते? शंभरांत पाचांकडेसुद्धा नाही. त्यानंतर मोटारी वाढल्या, हे मला दिसते. रोज त्यांच्याच धुरातून मी जातो. पण तेव्हा रस्ता कोणासाठी बांधला जात होता? त्या पाचांसाठी. पंचेचाळिसांच्या वाट्याला आली ती रस्त्याच्या कडेची खडी, फुटक्या बाटल्या आणि उघडी गटारे.

एका सत्तर किलोच्या माणसाला हलवायला हजार किलोंचे लोखंड आपण कामाला लावतो, आणि त्या माणसाला जायचे असते कुठे? तर कोपऱ्यावर, कोथिंबीर आणायला. सकाळी रंकाळ्यावर जा. चालण्याचा व्यायाम करण्यासाठी मोटारीतून आलेली मंडळी तेथे तुम्हांला रांगेने दिसतील. घरापासून तळ्यापर्यंत चालत आले असते तर व्यायाम तेथेच पुरा झाला असता. पण मग मोटार कोणी पाहिली असती? आमचे एक स्नेही तर तळ्याच्या अगदी जवळ मोटार लावायला जागा मिळावी म्हणून पहाटे पाचला उठतात. यालाही एक प्रकारचा व्यायाम म्हणता येईल.

कोल्हापूरकर सोशिक आहे असे मात्र कोणी समजू नये. टोलविरोधी लढा आठवा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, मोर्चांमागून मोर्चे निघाले, 2014 साली नाक्यांना आगी लागल्या, आणि शेवटी टोल गेलाच. मीही मोर्चात होतो. सायकलला टोल नव्हता तरी होतो. पण त्या सगळ्या वर्षांत, एवढी भाषणे ऐकली त्यांत, "या नव्या रस्त्यांवर सायकलवाल्यासाठी चार हात जागा सोडली आहे काय?" असे विचारणारे एक वाक्य माझ्या कानांवर आले नाही. चुकते मीही. हातात फलक धरून मी उभा होतो, मी तरी कुठे विचारले?

गेल्या पावसाळ्यात केर्लीच्या पुढे एका मोटारीने मला मागून ढकलले. मी कडेच्या चिखलात. मोटार थांबली, मालक उतरले आणि धावत... मोटारीच्या पुढच्या भागाकडे गेले. त्यांनी वाकून ओरखडा पाहिला, बोटाने पुसून पाहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, या वयात सायकल कशाला?" भोवती पाचसहा माणसे जमली होती. त्यांनीही प्रथम ओरखडाच पाहिला. त्यांतील एका वडीलधाऱ्या माणसाने मला हात देऊन उठवले आणि निवाडा दिला, "जाऊ दे मास्तर, मोठी गाडी हाय, तुम्हीच जरा सरकायचं." मोठी गाडी आहे म्हणून! चूक कोणाची हा प्रश्नच नाही; वजन कोणाचे एवढेच पाहायचे.

आणि हे कुस्तीच्या गावात! खासबागेच्या मैदानात जोड बघितल्याशिवाय कुस्ती लावत नाहीत. चाळीस किलोच्या पोराला दीडशे किलोच्या मल्लासमोर सोडले तर तेथला प्रेक्षक आखाड्यात उतरेल. रस्त्यावर मात्र वीस किलोची सायकल आणि वीस टनांचा ट्रक एकाच हौद्यात सोडून आपण खुशाल चहा पीत बसतो. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. हा सरकारी आकडा आहे. एखाद्या लढाईत इतकी माणसे पडती तर तिचे पोवाडे झाले असते.

आता सायकलींविषयीही दोन शब्द बोलतो, कारण आमच्या पंथातील मंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. हल्ली दुकानात डोंगरी सायकल म्हणून जी वस्तू विकतात, तिला पुढे स्प्रिंग, मध्ये स्प्रिंग, एकवीस गिअर आणि दांडीवर विजेची चित्रे असतात. ही स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे शुद्ध फसवणूक. तिने सायकल जड होते, आणि चढावर उभे राहून पायडल मारावे तर निम्मी शक्ती ती स्प्रिंग खालीवर करण्यातच जाते. खाचांचे जाड टायर डांबरावर नुसते घरघरतात. मुलाला शाळेत जायला सायकल हवी असेल तर साधी, घट्ट, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली घ्या. गिअरचे रहस्य म्हणाल तर एवढेच : पुढची चकती लहान आणि मागची मोठी केली की पाय हलके फिरतात आणि चाक सावकाश. चढ लागण्यापूर्वी तो बदलावा. चढात दात खाऊन जोर लावताना बदलू गेलात तर चेन तुमच्यावर सूड उगवते.

आणि ज्या सायकलीची एवढी ऐट चालते, तिचा जन्म कुठे झाला ठाऊक आहे? भंगारात! 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, टॅमाल्पाइस डोंगराच्या आसपास काही तरुण तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या, अडगळीत पडलेल्या जड सायकली घेऊन कच्च्या उतारांवरून खाली सुटत. उतार असा की मागच्या चाकाचा ब्रेक तापून त्यातले ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. पहिली शर्यत 1976 ची. पुढे कोणी नवा सांगाडा बांधला, कोणी गिअर बसवले, आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन पोहोचला. म्हणजे मूळ पुरुष आमच्या गवळ्याच्या सायकलीचाच चुलतभाऊ! दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे पंचगंगेच्या पुलावरून येणारा गवळी पाहिला की मी मनोमन त्याला नमस्कार करतो. आमच्यातले काही रविवारचे वीर मात्र मोटारीच्या टपावर सायकल बांधून वाघबीळपर्यंत जातात, तेथे ती उतरवतात, आणि वर चढून छायाचित्रे काढतात. त्या गवळ्याला ते ओव्हरटेक करतात तेव्हा घंटीसुद्धा वाजवत नाहीत.

मराठी माणसाने तरी सायकलीला हलके लेखू नये. ज्या किर्लोस्करांच्या कारखानदारीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तिचे मूळ बेळगावच्या सायकलच्या दुकानात आहे. लक्ष्मणरावांनी ते 1888 मध्ये काढले. नांगर मागाहून आला, किर्लोस्करवाडी तर 1910 ची. विमान उडवणारे राइट बंधूसुद्धा सायकलींचेच दुकानदार होते. म्हणून सायकलवर बसणारा मागासलेला, असे मला कोणी सांगू लागला की मी त्याला यंत्रयुगाचा इतिहास ऐकवतो. तो तोपर्यंत मोटार सुरू करून निघून गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

"हॉलंडची गोष्ट निराळी हो," असेही सांगतात. तिथले मार्क रुटे 2010 पासून 2024 पर्यंत पंतप्रधान होते आणि सायकलवरून कचेरीला जात. ते चित्र आपण एकमेकांना मोबाइलवर पाठवतो, "याला म्हणतात साधेपणा" असे खाली लिहितो, आणि लगेच पुढच्या सायकलवाल्यावर हॉर्न दाबतो. पण हॉलंड काही सायकलसकट जन्माला आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा पूर आला होता. रस्त्यांसाठी वस्त्या पाडल्या जात होत्या. 1971 या एका वर्षात तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेवर मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यांवर येऊन बसले. त्यांच्या चळवळीचे नावच होते, 'बालहत्या थांबवा'. 1973 मध्ये तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि लोकांना आपले रस्ते पुन्हा दिसले. मग सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या. तो देश सपाट आहे, आपल्याकडे ऊन आहे, हे कबूल. पण आमच्या उन्हात शेतमजूर बाई दिवसभर वाकून उभी असते, तिला कोणी ऊन विचारीत नाही.

आमचा डोंगर मात्र मोटारवाल्यांना कधीकधी उत्तर देतो. 2021 च्या जुलैमधील अतिवृष्टीत पन्हाळ्यावर चार दरवाजाजवळचा रस्ता खचला आणि पुढे काही महिने गडावर मोटार जाईना. वर राहणाऱ्यांचे त्यात अतोनात हाल झाले. आजारी माणूस खाली आणायचा कसा, हा प्रश्न काही चेष्टेचा नव्हे. पण मी त्या दिवसांत दोनदा पायथ्याशी सायकल ठेवून पायवाटेने वर गेलो. तटावर उभे राहिल्यावर वाऱ्याचा आवाज ऐकू आला. एरवी तेथे गाणी वाजत असतात. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. आनंद मलाही झाला. पण बाजीप्रभू ज्या वाटेने पावनखिंडीकडे गेले, त्या वाटेवरच्या मसाई पठारावर आज गवतात जीपगाड्यांची चाके उमटलेली आहेत. माझ्याही सायकलीची चाके तेथे फिरली आहेत, हे मी लपवीत नाही. अलीकडे फुलांच्या दिवसांत मी तेथे सायकल हातात धरून चालतो. एवढे तरी मोटारवाल्याने करावे म्हटले, तर त्याला मोटार हातात धरता येत नाही!

हे सगळे मी विनोदाने सोडून दिले असते. पण आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी आहे. चार किलोमीटरवरच्या वाडीवरून ती सायकलने येत असे. मामाने दिलेली जुनी सायकल, दांडी जांभळी रंगवलेली. प्रार्थनेला ती नेहमी पहिल्या रांगेत. रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद करण्याचे काम आमच्या भागात आले. पूर्वी त्या रस्त्यावर झाडे होती, वळणे होती, मोटारी दबकत जात. आता सरळ, काळाभोर पट्टा. ऑगस्टमध्ये एका टेम्पोच्या वाऱ्याने ती कडेला पडली. कोपर फुटले, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटी त्या वाडीच्या फाट्यावर तिच्या मनाला येईल तेव्हा थांबते. मुलगी आता दुसऱ्या तासाला येते. पहिला तास गणिताचा असतो.

मी तिच्या घरी गेलो. सायकल गोठ्यात, दोराने आढ्याला टांगलेली. तिचे वडील म्हणाले, "मास्तर, सायकल चांगली हाय. रस्ता वंगाळ झालाय." ज्या रस्त्याचे उद्घाटन फटाके वाजवून होणार आहे, त्याविषयी इतके नेमके मत मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. मला उत्तर सुचेना. मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे, कंत्राटदाराच्या माणसाला भेटलो आहे. कडेला सायकलीपुरता चार हातांचा पट्टा, त्याला दगडी कड, आणि शाळेच्या फाट्याजवळ मोटारींची गती मोडणारे दोन उंचवटे. यापलीकडे माझी मागणी नाही. "नकाशात नाही," असे उत्तर मिळाले आहे. नकाशात मुलगीही नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सकाळी मी वाडीवर जाणार आहे. आणखी तिघीजणी तयार झाल्या आहेत. एकीची सायकल दुरुस्त करायची आहे, ती मी सुट्टीत करीन. चौघी आणि मी, एका ओळीत, शाळेपर्यंत. मागून कोणी हॉर्न वाजवला तर वाजवो, आम्ही सरकणार नाही.

तिच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ गोठ्याकडे पाहिले.

"मास्तर, तुम्ही पुढं ऱ्हाणार का मागं?"

"मागं," मी म्हणालो.

ते उठले आणि आढ्याचा दोर सोडू लागले.